विभाज्यतेची गणितं: मूळ अवयव मांडा, घातांक ताडून पाहा

१२^५ × ३५^२ या संख्येला ११२५ ने निःशेष भाग जातो का?

असा प्रश्न समोर आला की बहुतेकांचा हात गुणाकाराकडे वळतो. गुणाकार केला तर ३०४८१९२०० ही नऊ अंकी संख्या मिळते, मग तिला ११२५ ने भागत बसायचं. एवढी मेहनत करूनही उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येणार, आणि ते तसं का आलं हे कळणारच नाही. हेच गणित मूळ अवयवांत मांडलं तर दोन ओळींत सुटतं आणि कारणही समोर दिसतं. (या लेखात ^ हे चिन्ह घातासाठी वापरलं आहे. २^३ म्हणजे २ × २ × २.)

१२ = २^२ × ३, म्हणून १२^५ = २^१० × ३^५. ३५ = ५ × ७, म्हणून ३५^२ = ५^२ × ७^२. सगळं मिळून आपल्याकडे आहे २^१० × ३^५ × ५^२ × ७^२. ज्याने भागायचं तो ११२५ = ३^२ × ५^३. आता एकेक मूळ संख्या घेऊन ताडून पाहा. ३ चे दोन घात हवेत, आपल्याकडे पाच आहेत. ५ चे तीन हवेत, आहेत दोन. घोडं इथेच अडलं. भाग जात नाही, आणि नेमका एक ५ कमी पडतो म्हणून जात नाही. दिलेल्या संख्येला आणखी एका ५ ने गुणलं असतं तर भाग गेला असता.

या लेखातल्या सगळ्या युक्त्या या एका तपासणीतून निघतात. भाजकातल्या प्रत्येक मूळ संख्येसाठी दोनच गोष्टी पाहायच्या: किती हवेत आणि किती आहेत. प्रत्येक ठिकाणी ‘आहेत’ हे ‘हवेत’ एवढे किंवा त्याहून जास्त असतील तर भाग जातो. एका जरी मूळ संख्येचा घातांक तोकडा पडला तरी भाग जात नाही, मग बाकीचे कितीही मुबलक असोत.

ही तपासणी विश्वासार्ह का? कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. क्रम बदलेल, पण कोणती मूळ संख्या किती वेळा येते हे बदलत नाही. त्याच्या बुडाशी असलेली गोष्ट युक्लिडला इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ठाऊक होती: एखाद्या मूळ संख्येने दोन संख्यांच्या गुणाकाराला भाग जात असेल, तर त्या दोघींपैकी निदान एकीला तरी तिने भाग जातोच. अवयव एकाच प्रकारे पडतात, याची काटेकोर सिद्धता १८०१ मध्ये कार्ल फ्रीड्रिश गाउसने मांडली. हे खरं नसतं तर ‘५ कमी पडतो’ असं आपण ठामपणे म्हणूच शकलो नसतो. दुसऱ्या कुठल्या तरी मांडणीत तो ५ सापडेल अशी शंका राहिली असती.

अवयव पाडताना

लहानात लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा आणि जोवर भाग जातो तोवर तिनेच भागत राहा. २९६४ घ्या. २ ने दोनदा भाग गेला, उरले ७४१. ३ ने एकदा गेला, उरले २४७. इथे बरेच जण थांबतात, कारण २४७ दिसायला मूळ संख्येसारखी वाटते. दिसण्यावर जाऊ नका. १६ चा वर्ग २५६, म्हणजे २४७ चं वर्गमूळ १६ पेक्षा थोडं कमी आहे. त्यामुळे १३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. ५, ७, ११ ने भाग जात नाही, १३ ने जातो: २४७ = १३ × १९. म्हणून २९६४ = २^२ × ३ × १३ × १९. वर्गमूळापर्यंत एकाही मूळ संख्येने भाग गेला नसता, तर मात्र २४७ ही मूळ संख्या आहे असं खात्रीने म्हणता आलं असतं.

आणखी एक सवय लावून घ्या. संख्या गुणाकाराच्या रूपात दिलेली असेल तर ती आधी गुणू नका. ८४ × ९० चे अवयव हवेत तर ८४ = २^२ × ३ × ७ आणि ९० = २ × ३^२ × ५ असे वेगवेगळे पाडा आणि घातांकांची बेरीज करा: २^३ × ३^३ × ५ × ७. ही संख्या ७५६०. ती लक्षात ठेवा, पुढे बऱ्याचदा लागणार आहे.

भाजकाचे तुकडे कसे पाडायचे

‘एखाद्या संख्येला ४ ने आणि ६ ने भाग जातो, म्हणजे २४ ने जाणारच.’ हे विधान चुकीचं आहे, आणि १२ हे एकच उदाहरण ते खोडून काढतं. घातांक पाहिले की कारण कळतं. ४ ला २^२ हवा. ६ ला २^१ आणि ३^१ हवेत. दोघांनाही खूश करायला २^२ × ३ एवढं पुरतं, कारण ४ साठी ठेवलेल्या दोन २ मधूनच ६ चीही गरज भागते. २४ ला मात्र २^३ लागतो. दोन अटी एकत्र आल्या की हाती येतो तो त्यांचा लसावि, गुणाकार नव्हे. दोन्ही सारखेच निघतात ते फक्त त्या दोन संख्यांमध्ये एकही मूळ संख्या सामायिक नसेल तेव्हाच.

म्हणून ७२ ची कसोटी लावायची तर ७२ चे तुकडे ८ आणि ९ असेच पाडायचे. ६ आणि १२ असे पाडले तर ३६ सारखी संख्या दोन्ही चाळण्यांतून निसटते. प्रत्येक मूळ संख्येचा पूर्ण घात एकाच तुकड्यात राहिला पाहिजे.

हे एका गणितात पाहू. ५क३८ख या पाच अंकी संख्येला ७२ ने भाग जातो, तर क आणि ख कोणते? आधी ८ घ्या. ८ ची कसोटी शेवटच्या तीन अंकांवर असते, कारण १००० = २^३ × ५^३, म्हणजे हजाराच्या पुढच्या सगळ्या भागाला ८ ने भाग जातोच. ३८ख ला ८ ने भाग जायचा तर ३८४ हीच एक संख्या बसते, म्हणून ख = ४. आता ९. अंकांची बेरीज ५ + क + ३ + ८ + ४ = २० + क, ती ९ च्या पटीत यायची तर क = ७. संख्या ५७३८४, आणि ७२ × ७९७ = ५७३८४. आधी ९ घेतला असता तर क आणि ख दोन्ही अज्ञात असल्याने बऱ्याच जोड्या तपासाव्या लागल्या असत्या. शेवटच्या अंकांवर अवलंबून असणारी कसोटी आधी लावली की काम हलकं होतं.

लसावि उलट्या दिशेनेही विचारतात. १८ आणि म यांचा लसावि ३६० आहे, तर म किती असू शकेल? ३६० = २^३ × ३^२ × ५ आणि १८ = २ × ३^२. लसाविमध्ये प्रत्येक मूळ संख्येचा मोठा घातांक येतो. २^३ हा १८ कडून येऊच शकत नाही, म्हणून तो म मध्ये हवाच. ५ चंही तसंच. ३^२ मात्र १८ कडे आधीच आहे, त्यामुळे म मध्ये ३ चा घातांक ०, १ किंवा २ काहीही चालेल. उत्तरं तीन: ४०, १२०, ३६०.

कमी पडतं तेवढंच द्यायचं

‘७५६० ला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणलं तर पूर्ण वर्ग मिळेल?’ पूर्ण वर्गात प्रत्येक घातांक सम असतो. २^३ × ३^३ × ५ × ७ मध्ये चारही घातांक विषम आहेत, म्हणून प्रत्येकाला एकेक जास्तीचा द्या: २ × ३ × ५ × ७ = २१०. पूर्ण घन हवा असेल तर घातांक ३ च्या पटीत लागतात. २ आणि ३ तिथे आधीच पोचलेत, ५ आणि ७ ला दोन-दोन हवेत: ५^२ × ७^२ = १२२५. प्रश्न जवळपास तोच, पण उत्तरांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही. घातांक न लिहिता अंदाजाने सोडवणारे इथेच चुकतात.

घात दिलेला असतो आणि संख्या शोधायची असते

माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रकार हा. म^२ ला ७२ ने भाग जातो. मग म ला कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने नक्की भाग जातो?

७२ = २^३ × ३^२. म मध्ये २ चा घातांक समजा अ असेल, तर म^२ मध्ये तो २अ होतो. २अ निदान ३ हवा. पण २अ सम आहे, तो ३ असूच शकत नाही, म्हणून तो थेट ४ किंवा त्यावर जातो. म्हणजे अ निदान २. तसंच ३ चा घातांक निदान १. म्हणून म ला २^२ × ३ = १२ ने नक्की भाग जातो. म = १२ घेतलं तर १४४ ला ७२ ने भाग जातोही, त्यामुळे १२ च्या वर कशाचीच खात्री देता येत नाही.

इथे लक्ष द्यायचं ते त्या तीनवरून चारवर जाण्याकडे. आपण मागितले होते तीन, वर्गाच्या रचनेमुळे मिळाले चार. भाजकातल्या घातांकाला २ ने भागायचं आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. घन असेल तर ३ ने भागायचं. म^३ ला ७२ ने भाग जात असेल तर २ साठी ३ ÷ ३ = १ आणि ३ साठी २ ÷ ३ वरून वर जाऊन १, म्हणजे म ला फक्त ६ ने भाग जाण्याची खात्री. भाजक तोच, घात वाढला, हमी घटली. ६^३ = २१६ = ७२ × ३, ताळा बरोबर.

फॅक्टोरियल: कोण आधी संपतं ते पाहा

५०! म्हणजे १ ते ५० या सगळ्या संख्यांचा गुणाकार. ५०! ला १२^क ने भाग जातो, तर क जास्तीत जास्त किती?

आधी ५०! मध्ये ३ किती वेळा येतो ते मोजू. ५० पर्यंत ३ च्या पटीतल्या संख्या १६. प्रत्येकीकडून एकेक ३ मिळाला. पण ९ च्या पटीत असलेल्या ५ संख्यांकडे आणखी एकेक आहे, आणि २७ कडे त्याच्याही पुढचा एक. एकूण १६ + ५ + १ = २२. करायला अगदी सोपं: ५० ला ३ ने भागा, बाकी सोडून द्या, आलेल्या १६ ला पुन्हा ३ ने भागा, मग ५ ला, असं शून्य येईपर्यंत, आणि सगळे भागाकार मिळवा. हे सूत्र फ्रेंच गणिती लजांद्र याच्या नावाने ओळखलं जातं. २ साठी तेच केलं की २५ + १२ + ६ + ३ + १ = ४७.

१२ = २^२ × ३. एका १२ ला दोन २ लागतात, म्हणून ४७ मधून २३ जोड्या निघतात आणि एक २ शिल्लक राहतो. ३ आहेत २२. जो आधी संपतो तो उत्तर ठरवतो: क = २२.

‘मोठी मूळ संख्या नेहमी आधी संपते’ असा सोयीचा समज इथे तयार होतो. त्याची लगेच परीक्षा घ्या. त्याच ५०! साठी २४^क विचारलं, तर २४ = २^३ × ३, ४७ मधून १५ तिकड्या निघतात आणि ३ आहेत २२. आता २ आधी संपला, उत्तर १५. भाजकात लहान मूळ संख्येचा घातांक मोठा असेल तर दोन्ही बाजू मोजल्याशिवाय निर्णय देऊ नका.

शेवटी किती शून्यं येतात हा प्रश्नही यातलाच, कारण प्रत्येक शून्याला एक २ आणि एक ५ लागतो. २ भरपूर असतात, म्हणून ५ मोजायचे. १००! साठी २० + ४ = २४ शून्यं. गंमत अशी की २४! च्या शेवटी ४ शून्यं असतात आणि २५! च्या शेवटी थेट ६, कारण २५ येताना दोन ५ घेऊन येतो. नेमकी ५ शून्यं शेवटी असलेला फॅक्टोरियल अस्तित्वातच नाही. ‘म! ला ७^८ ने भाग जाण्यासाठी म कमीत कमी किती?’ या प्रश्नातही हीच उडी आहे. ४८! मध्ये ७ चा घातांक ६, ४९! मध्ये ८. उत्तर ४९. ७^७ विचारलं असतं तरीही ४९ च.

बेरीज-वजाबाकी आली की सावध

गुणाकारात घातांक मिळवता येतात. बेरजेत तसं काहीच चालत नाही. म्हणून ३^२० + ३^२१ + ३^२२ सारखं दिसलं की आधी बेरजेचा गुणाकार करा: सामायिक अवयव बाहेर काढा. ३^२० × (१ + ३ + ९) = ३^२० × १३. आता १३, ३९, ११७ यांपैकी कशानेही भाग जातो हे उघड आहे, आणि २ ने जात नाही हेही.

६^८ − ६^६ ला ७५६० ने भाग जातो का? ६^६ × (३६ − १) = २^६ × ३^६ × ५ × ७. हवेत २^३, ३^३, ५, ७. सगळं आहे, भाग जातो.

सामायिक अवयव बाहेर काढल्यावर कंसात काय उरतं ते मात्र नीट पाहा. दोन संख्यांमध्ये एखाद्या मूळ संख्येचे घातांक वेगळे असतील तर बेरजेत लहान घातांक येतो. सारखे असतील तर तो वाढूही शकतो: ४ = २^२ आणि १२ = २^२ × ३, पण ४ + १२ = १६ = २^४. कारण ४ × (१ + ३), आणि कंसातून आणखी दोन २ निघाले.

अज्ञात संख्या असते तेव्हाही वाट हीच. म विषम असेल तर म^३ − म ला २४ ने भाग जातो. अवयव पाडा: (म − १) × म × (म + १). या तीन लागोपाठच्या संख्या, म्हणून एकीला ३ ने भाग जातोच. म विषम असल्याने दोन्ही शेजारी सम, आणि लागोपाठच्या दोन सम संख्यांपैकी एक ४ च्या पटीत असतेच. त्यामुळे २^३ मिळाला. ८ आणि ३ मध्ये सामायिक काही नाही, म्हणून २४.

१ ते २० सगळ्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या

प्रत्येक मूळ संख्येचा २० च्या आत बसणारा मोठ्यात मोठा घात घ्या. २ साठी १६, ३ साठी ९, मग ५, ७, ११, १३, १७, १९ एकेकदा. गुणाकार २३२७९२५६०. या संख्येला २१, २२ आणि २४ ने आपोआप भाग जातो, कारण त्यांना लागणारे घात तिच्याकडे आहेतच. २३ ने जात नाही, कारण ती नवी मूळ संख्या. २५ आणि २७ नेही जात नाही, कारण तिथे जुन्याच मूळ संख्येचा नवा घात लागतो. अशी यादी १ ते म पर्यंत वाढवत नेली, तर लहानात लहान उत्तर फक्त मूळ संख्या किंवा मूळ संख्येचा घात आला की बदलतं, एरवी तेच राहतं.

भाजक मोजणे

७५६० ला एकूण किती संख्यांनी भाग जातो? २ चा घातांक ० ते ३, म्हणजे चार पर्याय. ३ चे चार, ५ चे दोन, ७ चे दोन. ४ × ४ × २ × २ = ६४. त्यांतल्या १२ च्या पटीत किती? आता २ चा घातांक निदान २ हवा, पर्याय दोन. ३ चा निदान १, पर्याय तीन. २ × ३ × २ × २ = २४. अट कोणतीही असो, ती त्या-त्या मूळ संख्येच्या पर्यायांवर लावायची आणि मग गुणायचं.

हातासरशी चार गणितं

१. म^३ ला १०८० ने भाग जातो. म कमीत कमी किती?
२. ८०! ला १८^क ने भाग जातो. क जास्तीत जास्त किती?
३. ५^१२ − ५^१० ला ६०० ने भाग जातो का?
४. ७क२ख या चार अंकी संख्येला ३६ ने भाग जातो. अशा संख्या किती?

उत्तरं ताडून पाहण्यासाठी: पहिल्याचं ३०, कारण १०८० = २^३ × ३^३ × ५ आणि तिन्ही मूळ संख्या एकेकदा पुरतात. दुसऱ्यात ३ चा घातांक २६ + ८ + २ = ३६, जोड्या १८, आणि २ आहेत ७८, म्हणून १८. तिसऱ्यात ५^१० × २४ मिळतं आणि ६०० = २४ × ५^२, म्हणून भाग जातो. चौथ्यात ४ च्या कसोटीने ख = ०, ४ किंवा ८. मग ९ ची कसोटी लावली की ७०२०, ७९२०, ७५२४ आणि ७१२८ अशा चार संख्या मिळतात. यात ख = ० असताना क साठी ० आणि ९ अशा दोन किमती बसतात, आणि त्यातली एक हमखास सुटते.